बीपीची आणि हृदयाची गोळी: सकाळी घ्यावी की रात्री?

"डॉक्टर, बीपीची गोळी सकाळी घेऊ की रात्री?" दवाखान्यात हा प्रश्न रोज कुणीतरी विचारतेच. बऱ्याच वेळा त्यामागे मोबाईलवर आलेला एखादा संदेश असतो: रात्री गोळी घेतली की हार्ट अटॅकचा धोका निम्मा होतो. काही जण तो वाचून विचारायला येतात. काही जण न विचारताच सकाळची गोळी रात्रीवर नेतात. एखादा रुग्ण तर "दोन्ही वेळा घेतली तर जास्त चांगले" असे समजून सकाळ-संध्याकाळ घेऊ लागतो आणि चक्कर येऊन पडल्यावर ही गोष्ट उघड होते.

आधी थोडक्यात उत्तर देतो. रक्तदाबाच्या बहुतेक गोळ्यांच्या बाबतीत सकाळ की रात्र यापेक्षा ती रोज, न चुकता, साधारण एकाच वेळेला घेणे जास्त महत्त्वाचे आहे. मात्र हृदयरोगाच्या काही औषधांना ठरावीक वेळ असते आणि ती पाळावीच लागते. आपली गोळी यातल्या कोणत्या प्रकारात मोडते, हे ओळखायला या लेखाचा उपयोग होईल.

शरीरातले घड्याळ म्हणजे काय?

आपल्या मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर, सुमारे २० हजार पेशींचा एक छोटा पुंजका असतो. त्याला सुपराकायझमॅटिक न्यूक्लियस म्हणतात. हे आपले मुख्य जैविक घड्याळ. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून ते रोज आपली वेळ लावून घेते आणि झोप, शरीराचे तापमान, हार्मोन, नाडी, रक्तदाब यांचा २४ तासांचा क्रम ठरवते.

या मुख्य घड्याळाखेरीज यकृत, मूत्रपिंड, हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या पेशींतही स्वतःची छोटी घड्याळे असतात. पेशींतले हे घड्याळ कोणत्या जनुकांमुळे चालते हे फळमाश्यांवर अभ्यास करून शोधून काढणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्तदाब दिवसभर सारखा नसतो, तो या घड्याळाप्रमाणे वर-खाली होतो. निरोगी माणसात झोपेत तो दिवसाच्या मानाने १० ते २० टक्क्यांनी खाली येतो. पहाटे जाग येण्याच्या सुमारास तो पुन्हा चढू लागतो आणि सकाळच्या वेळात भराभर वाढतो.

सकाळच्या वेळी हृदयावर जास्त ताण का येतो?

हार्ट अटॅक दिवसाच्या कोणत्याही वेळी येऊ शकतो. पण सकाळी ६ ते दुपारी १२ या वेळात त्याचे प्रमाण जास्त असते, हे १९८० च्या दशकापासून अनेक अभ्यासांत दिसले आहे. पक्षाघाताच्या बाबतीतही असेच आढळते. याची कारणे शरीराच्या सकाळच्या तयारीत आहेत.

- उठण्याच्या सुमारास कॉर्टिसोल हे हार्मोन सर्वात जास्त असते आणि अॅड्रेनॅलिनही वाढते.
- त्यामुळे नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब चढतो.
- रक्तातल्या प्लेटलेट पेशी सकाळी एकमेकींना जास्त चिकटतात.
- तयार झालेली गुठळी विरघळवण्याची शरीराची क्षमता याच वेळी थोडी कमी असते.

निरोगी रक्तवाहिनीला याचा त्रास होत नाही. पण आतून चरबीचा थर साचलेल्या रक्तवाहिनीत हे सगळे एकाच वेळी घडले, तर तो थर फुटून गुठळी होऊ शकते.

काही जणांचा रक्तदाब रात्री खाली येतच नाही, क्वचित तो रात्री वाढतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, जास्त वय आणि झोपेत श्वास अडकण्याचा आजार असलेल्यांत हे जास्त दिसते. अशा लोकांना हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका अधिक असतो. म्हणजे दवाखान्यात दुपारी मोजलेले बीपी चांगले असूनही रात्रीचे बीपी वाढलेले असू शकते.

मग सर्वांनीच गोळी रात्री का घेऊ नये?

हा विचार डॉक्टरांच्याही मनात आला आणि त्यावर मोठे अभ्यास झाले.

स्पेनमधील 'हायजिया' नावाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १९,०८४ रुग्ण होते. झोपताना गोळ्या घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात अशा मोठ्या घटना ४५ टक्क्यांनी कमी झाल्या, असा त्याचा निष्कर्ष होता. मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांचे मूळ बहुधा इथेच आहे. पण फक्त वेळ बदलून इतका मोठा फायदा होणे अनेक तज्ज्ञांना पटले नाही. अभ्यासाच्या पद्धतीबद्दलही प्रश्न विचारले गेले.

त्यानंतर २०२२ मध्ये ब्रिटनमधील 'टाइम' हा अभ्यास 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. त्यात २१,१०४ जण होते. अर्ध्या लोकांनी गोळ्या सकाळी ६ ते १० मध्ये घेतल्या, अर्ध्यांनी रात्री ८ ते १२ मध्ये. पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात रात्री घेणाऱ्यांपैकी ३.४ टक्के आणि सकाळी घेणाऱ्यांपैकी ३.७ टक्के लोकांना हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू अशी घटना घडली. हा फरक इतका लहान आहे की तो योगायोगानेही येऊ शकतो.

कॅनडातील 'बेडमेड' या अभ्यासात ३,३५७ रुग्ण होते आणि तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही सकाळ आणि रात्र यांत फरक आढळला नाही. रात्री गोळी घेतल्याने पडणे, हाड मोडणे किंवा काचबिंदू होणे वाढल्याचेही दिसले नाही.

या सगळ्याचा अर्थ असा: तुमची बीपीची गोळी सकाळी सुरू असेल, बीपी काबूत असेल आणि काही त्रास नसेल, तर ती रात्रीवर नेण्याची गरज नाही. रात्री सुरू असेल आणि सगळे ठीक असेल, तर सकाळी आणण्याचीही गरज नाही. जी वेळ तुम्हाला वर्षानुवर्षे पाळता येईल, ती तुमची योग्य वेळ.

गोळीचा असर किती तास टिकतो?

वेळेचे गणित कळण्यासाठी एवढे समजले तरी पुरे. प्रत्येक औषध रक्तात ठरावीक काळ राहते.

अॅम्लोडिपिन हे बीपीचे औषध शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात. टेल्मिसार्टनचा असरही साधारण पूर्ण दिवस टिकतो. त्यामुळे या गोळ्या रोज घेणाऱ्याच्या रक्तात औषध पहाटे चार वाजताही असते. सकाळी आठला घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशी पहाटे "संपलेली" नसते.

याउलट साधे मेटोप्रोलॉल, म्हणजे मेटोप्रोलॉल टार्ट्रेट, काही तासांतच उतरते, म्हणून ते दिवसातून दोनदा द्यावे लागते. त्याचाच हळूहळू विरघळणारा प्रकार मात्र दिवसातून एकदा चालतो. पाकिटावर औषधाच्या नावापुढे 'एक्सएल', 'एसआर' किंवा 'ईआर' अशी अक्षरे दिसली, तर गोळी हळूहळू विरघळणारी आहे असे समजा. अशी गोळी चावू नका, कुटू नका, पाण्यात विरघळवू नका. दिवसभराचा डोस एकदम रक्तात उतरू शकतो. गिळायला त्रास होत असेल किंवा गोळी अर्धी करायची असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

कोणत्या औषधांची वेळ खरोखर पाळावी लागते?

*लघवी वाढवणारी गोळी.* टॉर्सेमाइड, फ्युरोसेमाइड, हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन ही औषधे शरीरातले जास्तीचे मीठ आणि पाणी बाहेर काढतात. ती सकाळी घ्यावीत. दुसरा डोस असेल तर तो दुपारी चारच्या आत. रात्री घेतल्यास तीन-तीन वेळा लघवीला उठावे लागते, झोप मोडते आणि अंधारात पडण्याचा धोका वाढतो. बीपीच्या एकाच गोळीत दोन-तीन औषधे असतात, त्यांत हे औषध आहे का ते पाहा. टेल्मिसार्टनच्या नावापुढे 'एच' असेल, तर त्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायाझाइड असते.

*छातीत दुखू नये म्हणून रोज घ्यायची नायट्रेटची गोळी.* आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट दिवसातून दोनदा लिहिले असेल, तर बरेच रुग्ण ते सकाळी आठ आणि रात्री आठला घेतात. इथे मात्र तसे करायचे नसते. चोवीस तास औषध रक्तात राहिले तर शरीर त्याला सरावते आणि असर कमी होतो. म्हणून साध्या गोळीचे दोन डोस सुमारे सात तासांच्या अंतराने देतात, उदाहरणार्थ सकाळी ८ आणि दुपारी ३. रात्रीचा काळ औषधाविना ठेवतात. हळू विरघळणारी गोळी असेल तर ती साधारणपणे सकाळी एकदाच असते. ज्यांना रात्री छातीत दुखते त्यांची वेळ डॉक्टर वेगळी ठरवतात. जिभेखाली ठेवायच्या गोळीला हा नियम नाही; ती त्रास होईल तेव्हाच घ्यायची असते.

*कोलेस्टेरॉलची गोळी.* यकृत कोलेस्टेरॉल बनवण्याचे काम रात्री जास्त करते. जुनी सिमव्हास्टॅटिन ही गोळी काही तासांत उतरते, म्हणून ती रात्री घ्यावी. "कोलेस्टेरॉलची गोळी रात्रीच" हा नियम तिथून आला. आता बहुतेकांना मिळणाऱ्या अॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन या गोळ्यांचा असर दीर्घकाळ टिकतो, त्यामुळे त्या कोणत्याही एका ठरलेल्या वेळी चालतात. रात्रीच्या गोळीआधीच झोप लागत असेल, तर ती सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. रोज सकाळी घेतलेली गोळी आठवड्यातून तीनदा विसरलेल्या रात्रीच्या गोळीपेक्षा कितीतरी चांगली.

*अॅस्पिरिन.* ती जेवणानंतर घ्यावी. अॅस्पिरिन प्लेटलेट पेशीला कायमचे निष्क्रिय करते आणि प्लेटलेट ७ ते १० दिवस जगते, त्यामुळे काही तास इकडे-तिकडे झाल्याने मोठा फरक पडत नाही. रात्री घेतल्यास सकाळची प्लेटलेटची चिकटण्याची प्रवृत्ती थोडी कमी होते असे दिसले आहे. पण त्यामुळे हार्ट अटॅक कमी होतात असे सिद्ध झालेले नाही. हृदयविकार नसताना, कुणाचे ऐकून स्वतःहून अॅस्पिरिन सुरू करू नका. पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

*रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या.* वॉरफॅरिन किंवा अॅसिनोकुमारोल संध्याकाळी ठरावीक वेळी घेतात. सकाळी रक्ताचा रिपोर्ट आला तर डॉक्टरांना त्याच दिवशीचा डोस बदलता येतो, एवढाच त्यामागचा हेतू. रिव्हारोक्साबॅनच्या १५ आणि २० मिलिग्रॅमच्या गोळ्या जेवणासोबतच घ्याव्यात, उपाशीपोटी त्या नीट शोषल्या जात नाहीत. अॅपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान आणि स्टेंटनंतर दिली जाणारी टिकाग्रेलोर या दिवसातून दोनदाच्या गोळ्या आहेत. यांच्यात मात्र बारा तासांचे अंतर शक्य तितके काटेकोर ठेवा.

*प्राझोसिन.* हिचा पहिला डोस रात्री झोपताना घेतात, कारण उभे राहिल्यावर बीपी एकदम उतरून भोवळ येऊ शकते.

*थायरॉइडची गोळी.* ही हृदयाची गोळी नसली तरी अनेक घरांत बीपीच्या गोळीसोबतच घेतली जाते. ती सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी, साध्या पाण्याबरोबर घ्या. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यानंतर चार तासांनी.

रात्रीची वेळ कुणाला सोयीची, कुणी जपून?

पुढील परिस्थितीत डॉक्टर एखादी बीपीची गोळी रात्री द्यायचा विचार करतात:

- २४ तासांच्या बीपी तपासणीत रात्रीचे बीपी वाढलेले दिसले असेल
- सकाळी गोळी घेतल्यावर कामाच्या वेळेत चक्कर किंवा थकवा येत असेल
- सकाळच्या घाईत गोळी वारंवार राहून जात असेल

आणि या लोकांनी विशेष जपावे:

- रात्री अनेकदा लघवीला उठणारे वृद्ध, विशेषतः पूर्वी पडलेले
- झोपेतून उठल्यावर भोवळ येणारे
- काचबिंदू पुढच्या टप्प्यात गेलेले रुग्ण. रात्री बीपी फार उतरले तर डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा कमी पडण्याची शंका असते, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनाही विचारावे.

घरातले माणूस जोरात घोरत असेल, झोपेत मध्येच श्वास थांबल्यासारखे वाटत असेल आणि दिवसा डुलक्या येत असतील, तर तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी काबूत न येण्याचे कारण तिथे असू शकते. अशा वेळी नुसती गोळीची वेळ बदलून भागत नाही. झोपेच्या आजाराची तपासणी आणि उपचार करावे लागतात.

वेळ बदलायचीच असेल तर

डॉक्टरांनी वेळ बदलायला सांगितली, तर "नेमकी कशी बदलू?" हे तिथेच विचारून घ्या. सकाळी घेतली आणि त्याच रात्री पुन्हा घेतली, तर एका दिवसात दुप्पट डोस होतो. सकाळी घेऊन थेट दुसऱ्या रात्री घेतली, तर मध्ये सुमारे ३६ तास जातात. दिवसातून एकदाच्या बीपीच्या गोळीसाठी सोपा मार्ग म्हणजे रोज दोन-तीन तासांनी वेळ पुढे सरकवणे: आज आठ, उद्या अकरा, परवा दोन, असे करत चार-पाच दिवसांत रात्रीची वेळ गाठता येते. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या औषधांसाठी हा मार्ग स्वतःहून वापरू नका.

गोळी विसरली तर

- दिवसातून एकदाची बीपीची गोळी सकाळी विसरलात आणि संध्याकाळपर्यंत आठवली, तर घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आठवली, तर फक्त त्या दिवसाची घ्या.
- कालची आणि आजची मिळून दोन गोळ्या एकदम कधीही घेऊ नका.
- लघवीची गोळी रात्री आठवली तर सोडून द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे घ्या.
- रक्त पातळ करणारी गोळी विसरली तर डॉक्टरांना फोन करा.

काही औषधे अचानक बंद करणे हे वेळ चुकण्यापेक्षा फार गंभीर आहे. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल यांसारख्या गोळ्या एकदम थांबवल्या तर नाडी आणि बीपी उसळून छातीत दुखू शकते. स्टेंट बसवल्यावर क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलोर किंवा अॅस्पिरिन स्वतःहून बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांशी बोला.

रात्रपाळी, उपवास आणि परदेश प्रवास

*रात्रपाळी.* नर्स, सुरक्षारक्षक, एसटीचे चालक, कारखान्यातले कामगार यांची "सकाळ" दर आठवड्याला बदलते. त्यांच्यासाठी घड्याळाची अशी एक वेळ निवडावी, जिला ते कोणत्याही पाळीत जागे असतात. अनेकांना संध्याकाळी सातच्या आसपासची वेळ जमते. लघवीची गोळी मात्र झोपून उठल्यावर घ्यावी, झोपायला जाताना नको.

*उपवास.* एकादशी, नवरात्र किंवा श्रावणी सोमवारी बीपीची गोळी बंद ठेवण्याचे कारण नाही, ती पाण्याबरोबर घेता येते. निर्जळी उपवासात लघवीच्या गोळीने शरीरातले पाणी फार कमी होऊ शकते आणि मधुमेहाच्या गोळीने साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून उपवासाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटा. रमजानमध्ये रोजे ठेवणाऱ्यांनी सहरी आणि इफ्तारच्या वेळांनुसार औषधे आधीच बसवून घ्यावीत. दुपारी घ्यायच्या औषधाचे काय करायचे, हे त्याच भेटीत ठरते.

*परदेश प्रवास.* मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आई-वडिलांचा हा नेहमीचा गोंधळ असतो. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. म्हणजे आपल्या सकाळी आठच्या वेळी तिथे आदली रात्र असते. दिवसातून एकदाच्या बीपीच्या गोळीसाठी तिथे पोहोचल्यावर वेळ थोडी थोडी सरकवत तिथल्या सोयीच्या वेळेवर आणावी. दोनदा घ्यायच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे वेळापत्रक निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. औषधे हातातल्या बॅगेत ठेवा, आत टाकलेले सामान उशिरा आले तरी अडणार नाही.

वेळ बरोबर आहे का, हे घरच्या बीपी मोजणीवरून कळते

दंडाला पट्टा बांधायचे यंत्र वापरा. मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसा. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, सिगारेट नको. लघवी करून या. मोजताना बोलू नका.

सकाळी गोळी घेण्यापूर्वी दोनदा आणि रात्री दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून, असे सात दिवस मोजून लिहा. पहिला दिवस सोडून बाकी आकड्यांची सरासरी काढतात. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल, तर बीपी वाढलेले समजतात. सकाळी गोळीआधीचा आकडा महत्त्वाचा, कारण आदल्या दिवशीची गोळी पहाटेपर्यंत पुरली का, ते त्यावरून कळते.

बीपी चढलेले दिसले तर लगेच गोळीच्या वेळेला दोष देऊ नका. आधी पाहा: आठवड्यात किती गोळ्या राहिल्या? लोणचे, पापड, फरसाण, चटणी किती? गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी सुरू आहे का? अशा अनेक गोळ्यांनी बीपी वाढते आणि मूत्रपिंडांवरही ताण येतो.

गोळी न विसरण्यासाठी

- गोळी रोजच्या एखाद्या पक्क्या सवयीला जोडा: दात घासणे, देवपूजा, सकाळचा नाश्ता.
- आठवड्याच्या सात दिवसांचे कप्पे असलेला डबा मेडिकल दुकानात मिळतो. रविवारी तो भरा. कप्पा रिकामा दिसला की गोळी घेतली की नाही हा प्रश्न उरत नाही.
- नवरा-बायको दोघांनाही गोळ्या असतील, तर दोन वेगळ्या रंगांचे डबे ठेवा. सारख्या दिसणाऱ्या पाकिटांची अदलाबदल बऱ्याच घरांत होते.
- आठ-दहा गोळ्या शिल्लक असतानाच नवीन पाकीट आणा.
- गोळ्या फार असतील तर दोन औषधे एकत्र असलेली गोळी चालेल का, हे विचारा.
- चिठ्ठीवरील १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. दुकानदाराने दिलेली गोळी आणि चिठ्ठी जुळते का, हे घरातल्या वाचता येणाऱ्या व्यक्तीने एकदा तपासावे.

तपासणीला किंवा उपाशीपोटी रक्त द्यायला जाताना बीपीची गोळी बंद ठेवायची नसते. ती दोन घोट पाण्याबरोबर घेऊनच निघा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन मात्र खाणे होईपर्यंत थांबवायचे का, ते आधी विचारा.

पुढच्या भेटीत काय विचारावे?

सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या. आयुर्वेदिक, होमिओपॅथी, वेदनाशामक, जीवनसत्त्वे, सगळी. आणि प्रत्येक पाकीट हातात घेऊन चार प्रश्न विचारा:

१. ही कशासाठी आहे?
२. कधी घ्यायची, जेवणाआधी की नंतर?
३. ही वेळ मला जमत नसेल तर दुसरी कोणती चालेल?
४. विसरली तर काय करू?

उत्तरे पाकिटावरच मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. डॉक्टरांना यासाठी दोन-तीन मिनिटे लागतील. तुमच्या मुलाला किंवा सुनेला घाईच्या वेळी ते लिहिलेले फार उपयोगी पडेल.

एक शेवटची सूचना. छातीच्या मध्यभागी दाब किंवा जळजळ, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरणारी वेदना, थंड घाम, अचानक दम लागणे, किंवा तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, यांपैकी काही झाले तर गोळीची वेळ झाली का, हे पाहत बसू नका. "सकाळ होऊ दे, मग बघू" असेही म्हणू नका. लगेच १०८ ला फोन करा आणि रुग्णालय गाठा. रोजच्या गोळीला काही तास उशीर झाला तरी शरीर सांभाळून घेते. हार्ट अटॅक आणि पक्षाघातात मात्र जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला हृदयाच्या किंवा मेंदूच्या पेशी मरत असतात.